छडीनंतरचा अबोला : डॉन बॉस्को ह्यांच्या एका निबंधाचे परिशीलन

गेल्या पावसाळ्यात धर्मशिक्षकांच्या एका शिबिरात मुलांना शिस्त कशी लावावी हा विषय निघाला. मुलांना मारणे अनिष्ट आहे, शाळेत ते कायद्याने निषिद्ध आहे आणि ख्रिस्ती वृत्तीस ते शोभत नाही, ह्यावर अर्ध्या तासात एकमत झाले. अलीकडे हे एकमत फार लवकर होते. मग मागच्या बाकावर बसलेल्या, आमच्याच धर्मग्रामातील एका जुन्या धर्मशिक्षकांनी विचारले, "फादर, छडी ठेवली खाली. आता हातात काय धरायचं?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो आणि अशा वेळी आपण सारेच जे करतो ते केले : डॉन बॉस्को ह्यांचे नाव घेतले, त्यांच्या पद्धतीचे तीन आधारस्तंभ फळ्यावर लिहिले आणि चहाची वेळ झाल्याचे सांगितले. मास्तरांचे समाधान झालेले नव्हते हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते.

परतल्यावर आम्ही तो मूळ निबंध पुन्हा काढला. सेमिनरीत तो वाचला होता परीक्षेपुरता. ह्या खेपेस, मास्तरांचा प्रश्न समोर ठेवून वाचताना, त्यातील काही भाग आमच्या आठवणीहून पुष्कळच कठोर निघाला, म्हणजे शिक्षकाच्या बाबतीत कठोर. आणि एका ठिकाणी मात्र आम्ही अडखळलो. ते अडखळणेच ह्या लेखाचे खरे निमित्त आहे.

प्रथम निबंधाविषयी. १८७७ च्या मार्च महिन्यात फ्रान्समधील नीस येथे मुलांसाठी संत पेत्राच्या नावाने एक आश्रयगृह उघडले गेले. त्या प्रसंगी डॉन बॉस्को ह्यांनी आपल्या शिक्षणपद्धतीविषयी जे सांगितले ते त्यांनी पुढे लिहून काढले आणि त्याच वर्षी आपल्या संस्थांच्या नियमावलीस जोडले. पाने मोजकीच आहेत. आपण योजिलेल्या एका ग्रंथाची ही केवळ अनुक्रमणिका आहे, देवाने आयुष्य दिले तर तो ग्रंथ लिहू, असे त्यांनी आरंभीच म्हटले आहे. तो ग्रंथ लिहिला गेला नाही. ३१ जानेवारी १८८८ रोजी ते निवर्तले. तेव्हा ह्या निबंधाकडे सिद्धान्तग्रंथ म्हणून नव्हे, आराखडा म्हणूनच पाहिले पाहिजे. आपल्याकडे मात्र त्यास सूत्राचे स्थान मिळाले आहे आणि सूत्र पाठ झाले की ग्रंथ उघडण्याचे कारण उरत नाही.

निबंधात दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या आहेत. एक दमनाची. तीत नियम सांगून टाकावयाचे, मग अपराधी कोण हे शोधून काढावयाचे आणि त्यास दंड करावयाचा. अशा पद्धतीत अधिकाऱ्याने मुलांत फारसे मिसळू नये, मुद्रा कठोर ठेवावी, हे ओघानेच येते. दुसरी पद्धत प्रतिबंधाची. तीतही नियम सांगावयाचेच. परंतु त्यानंतर शिक्षकाने मुलांमध्येच राहावयाचे, बापाच्या ममतेने त्यांच्याशी बोलत, वाट दाखवीत, वेळेवर सावध करीत, म्हणजे अपराध घडण्याचा प्रसंगच विरळा व्हावा. 'प्रतिबंधक' हा शब्द आम्हांस फारसा रुचत नाही. मराठीत तो ऐकला की सणासुदीच्या आधी पोलीस करतात ती प्रतिबंधक कारवाई आठवते. पण दुसरा चांगला शब्द सापडेपर्यंत तोच चालवणे भाग आहे.

ह्या तुलनेतील एक कबुली पाठांतरात हमखास गळते. दमनाची पद्धत सोपी आहे, असे डॉन बॉस्को स्वतःच सांगतात. तीत श्रम कमी. सैन्यात आणि समजत्या वयाच्या माणसांत ती उपयोगीही पडते. प्रतिबंधाची पद्धत विद्यार्थ्यास सोपी आणि शिक्षकास अवघड आहे. त्यासाठी संस्थाप्रमुखाने स्वतःस सर्वस्वी मुलांना वाहून घेतले पाहिजे, त्यास दूर नेणारे दुसरे कोणतेही काम अंगावर घेता कामा नये, अशी त्यांची अट आहे. आमच्या शिबिरात जे एकमत अर्ध्या तासात झाले ते ह्या अटीवर झाले नव्हते. छडी सोडण्यास आपण सारे तयार आहोत. छडीने जो वेळ वाचत होता तो परत देण्यास किती तयार आहोत, हा निराळा प्रश्न आहे. एक धपाटा अर्ध्या मिनिटाचे काम करतो. त्याच मुलाशेजारी बसून त्याने दुसऱ्याची वही का फाडली हे समजून घ्यावयाचे तर अर्धा तास लागतो, आणि वर्ग असतो एका तासाचा.

ही सौम्यता डॉन बॉस्कोंच्या स्वभावातच होती असे समजून आपण स्वतःस सूट देतो. त्यांचे चरित्र निराळे सांगते. वडील वारले तेव्हा ते दोन वर्षांचेही नव्हते. नवव्या वर्षाच्या सुमारास पडलेले जे स्वप्न त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे, त्यात शिव्या देणाऱ्या पोरांना गप्प करण्यासाठी हा मुलगा मुठी वळून त्यांच्या अंगावर धावून जातो. मारून नव्हे, प्रेमाने ह्यांना आपलेसे कर, असे त्यास तेथे सांगितले जाते. म्हणजे सौम्यता ही त्यांस आज्ञा म्हणून मिळाली. प्रकृती उलट दिशेची होती. आई मार्गारेट ह्यांच्या घरातही छडी होतीच. आई बाहेर गेली असता लहानग्या योहानाच्या हातून तेलाचे भांडे फुटले, तेव्हा त्याने आपणच एक फोक तोडली, तिच्या सालीवर नक्षी कोरली आणि आई परतताच ती तिच्या हाती ठेवली, ही सालेशियन परंपरेतील गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वर्गात सांगितली असेल. आई हसली. परंतु छडी कोणत्या अपराधास लागू पडते हे त्या मुलास ठाऊक होते, आणि आईपाशी खरे बोलले तर निभावते हेही ठाऊक होते. दुसरे ठाऊक नसते तर त्याने फोक तोडली नसती, भांड्याचे तुकडे लपवले असते.

धर्मशिक्षकांच्या दृष्टीने ह्याहूनही बोलकी घटना ८ डिसेंबर १८४१ ची आहे. त्याच वर्षी ५ जून रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली होती. तुरीन येथील असिसीकर संत फ्रान्सिसच्या मंदिरात ते मिस्सासाठी पोशाख चढवीत असता वस्त्रागारात एक अनाथ पोरगा येऊन उभा राहिला. मिस्सात सेवा करता येत नाही असे त्याने म्हणताच मंदिराच्या सेवकाने झाडणीच्या दांड्याने त्यास बदडून पिटाळले. हा माझा मित्र आहे, त्याला परत बोलवा, असे डॉन बॉस्को म्हणाले, आणि मिस्सानंतर त्यास धर्मशिक्षणाचा पहिला पाठ दिला. त्यांच्या साऱ्या कार्याचा उगम ते स्वतः ह्या प्रसंगात मानीत. आठवणी तीस वर्षांनंतर लिहिलेल्या आहेत आणि तपशिलास थोडा आकार दिला गेला असेल, हे अभ्यासक सांगतातच. तरी एवढे लक्षात घेण्याजोगे आहे की ज्यास मार बसला तो मुलगा खोडकर नव्हता, अडाणी होता. आपल्या वर्गांतील बहुतेक मार असाच पडत आला : प्रार्थना पाठ नाही म्हणून, क्रूसाची खूण उलटी केली म्हणून.

आता पवित्र शास्त्राकडे वळले पाहिजे. कारण निबंधावर बोलू लागताच कोणीतरी नीतिसूत्रांचा तेरावा आणि तेविसावा अध्याय काढतोच. ह्या आक्षेपास अलीकडे एक ठरावीक उत्तर दिले जाते. तेथील हिब्रू शब्द 'शेबेत' हाच तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी आला आहे. मेंढपाळ काठीने मेंढरास मारीत नाही, वळवतो. म्हणून नीतिसूत्रांतील छडीदेखील केवळ वाट दाखवणारी. हे उत्तर गोड आहे, पण आमच्या मते टिकणारे नाही. शब्द एकच आहे हे खरे. परंतु तेविसाव्या अध्यायातील वचनात मुलास त्या छडीने मारण्याचाच उल्लेख आहे आणि त्याने तो मरत नाही असेही म्हटले आहे. तेथे मेंढपाळ आणता येत नाही. आपल्याला अनुकूल अर्थ निघावा म्हणून वचनास पिळणे हीसुद्धा एक प्रकारची मारझोडच आहे. सरळ सांगावे : प्राचीन इस्राएलातील ज्ञानी माणसे आपल्या काळच्या साधनांनी मुले वाढवीत होती आणि मुलाची उपेक्षा करणारा बाप मुलाचा वैरी, हा त्यांच्या सांगण्यातील गाभा होता. त्या गाभ्यास ख्रिस्तसभा बांधलेली आहे, साधनास नाही. प्रेषित पौलाच्या परंपरेतील इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेली पत्रे पाहावीत. रोमी कायद्याने कुटुंबप्रमुखास मुलांवर जवळजवळ निरंकुश सत्ता दिली होती, अशा काळात ही पत्रे मुलांना आज्ञापालन सांगून थांबत नाहीत. लगेच बापाकडे वळून, मुलांना चिडवू नका, त्यांचे मन खचेल असे वागू नका, असे बजावतात. मुलाचे मन खचू शकते, आणि त्याचा जाब बापास द्यावा लागेल, हा विचार त्या काळी साधा नव्हता.

हिब्रू 'मुसार' आणि ग्रीक 'पैदेइया' ह्या दोन्ही शब्दांत शिकवण आणि ताडन एकत्र नांदतात. मराठीत 'शिक्षण' आणि 'शिक्षा' एकाच धातूपासून आले, पण बोलीत शिक्षा म्हणजे दंडच राहिला. बेळगावकडील वाचकांच्या कानी कन्नडातील 'शिक्षे' ह्याच अर्थाने पडते. उलट इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांस 'शिक्षा विभाग' ही सरकारी पाटी रोज दिसते आणि तिचे त्यांना काही वाटत नाही. इब्रीकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायावर प्रवचन करताना हा फरक ध्यानात ठेवावा. देव पुत्राला घडवतो, हे सांगावयाचे असते. देव पुत्राला बडवतो, एवढेच ऐकणाऱ्याच्या पदरी पडते.

डॉन बॉस्कोंनी ह्या निबंधात नीतिसूत्रांतील छडीचा आधार घेतलेला नाही. आपल्या पद्धतीचा पाया म्हणून त्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय घेतला आहे, प्रीतीचा धीर आणि तिची सौम्यता सांगणारा. विवेक, धर्म आणि 'आमोरेवोलेत्सा' हे त्यांचे तीन शब्द. तिसऱ्याचे भाषांतर आपण 'प्रीती' असे करून मोकळे होतो. तो शब्द त्याहून घरगुती आहे. मनात असलेली प्रीती नव्हे, समोरच्यास जाणवलेली प्रीती, असा त्याचा भाव आहे. १० मे १८८४ रोजी रोमहून त्यांनी वाल्दोको येथील आपल्या लोकांना पाठवलेल्या पत्राचा सारा भर ह्यावरच आहे. मुलांवर प्रेम असून भागत नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना कळले पाहिजे. आणि पूर्वी मैदानात मुलांबरोबर खेळणारे वरिष्ठ आता बाजूला उभे राहून आपसांत गप्पा मारतात, तेव्हा ते कळणार कसे, अशी त्यांची तक्रार आहे. मराठीत ह्याला 'माया' म्हणतात. वेदान्ताने त्या शब्दाचे काहीही केलेले असो, आजी पाठीवरून हात फिरवते ती माया. विवेक, धर्म आणि माया, असे म्हटले की फळ्यावरचे ते तीन स्तंभ थोडे जमिनीवर येतात.

निबंधाच्या शेवटी शिक्षांविषयी चार शब्द आहेत. तेथील काही सूचना आजही जशाच्या तशा घ्याव्यात अशा आहेत. शक्य तोवर शिक्षा करूच नये. मारणे, त्रासदायक स्थितीत गुडघे टेकवून ठेवणे, कान ओढणे सर्वथा वर्ज्य. कायदा ह्यास मनाई करतो, मुले चिडतात आणि शिक्षकाची स्वतःची पत जाते. हे १८७७ मध्ये लिहिले गेले. आपल्याकडे कोंबडा करणे, अंगठे धरून ओणवे ठेवणे, उठाबशा काढायला लावणे हे त्यानंतर शंभर वर्षे निर्वेधपणे चालू होते, मिशनच्या शाळांतही. गोव्याच्या बालकविषयक कायद्याने २००३ मध्ये शाळांतील शारीरिक शिक्षेस बंदी केली आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने ती देशभर लागू झाली. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी ४ फेब्रुवारी २०१५ च्या सार्वजनिक भेटीत एका बापाचे कौतुक केले होते. तो मुलांना कधी चापटी मारी, पण त्यांचा अपमान होऊ नये म्हणून तोंडावर कधीच मारीत नसे. त्या उद्गारावर पुष्कळ टीका झाली. मुलाची प्रतिष्ठा राखावी हा पोप महोदयांचा मुद्दा आम्ही समजू शकतो. तथापि ह्या एका बाबतीत १८७७ चा निबंध २०१५ च्या उद्गाराच्या पुढे आहे, असे आदरपूर्वक म्हटल्यावाचून राहवत नाही.

आम्ही अडखळलो तो भाग ह्याच प्रकरणात आहे. शिक्षकास धाक हवा असेल तर त्याने आधी मुलांचे प्रेम मिळवावे, असे सांगून डॉन बॉस्को पुढे म्हणतात की तसे झाले म्हणजे माया आवरून घेणे हीच शिक्षा होते. आणि ही शिक्षा मुलास उभारी देते, त्यास हिणवत नाही. लगेच पुढे ते असेही नमूद करतात की मुलांच्या लेखी, जिला शिक्षा म्हणून वापरले ती शिक्षा. कित्येकांना थपडेपेक्षा मायाहीन दृष्टिक्षेप अधिक लागतो. दुसरे विधान अचूक आहे. पण ते अचूक असेल तर पहिले इतके निःशंकपणे कसे करता येईल? थपडेहून जे अधिक लागते ते थपडेहून सौम्य कसे?

माया आवरणे ह्याला मराठीत साधा शब्द आहे : अबोला. आपल्या घरांत तो नवराबायकोत, जावाजावांत, बापलेकांत चालतो आणि तो किती दिवस पुरतो हे कोणास सांगावयास नको. छडी टाकून दिलेल्या धर्मशिक्षकाच्या हाती नकळत येते ते हेच हत्यार. त्यास आवाज नाही, वळ नाही, आणि ते वापरणाऱ्यास आपण फार संयमी आहोत असे वाटते.

हे आम्ही अनुभवाने लिहीत आहोत. सीमाभागातील एका धर्मग्रामात साहाय्यक असताना प्रथम कम्युनियनच्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. प्रार्थनेच्या वेळी तो आमची नक्कल करी, आणि ती उत्तम करी. आम्ही त्यास मारले नाही, रागेही भरलो नाही; डॉन बॉस्को वाचलेले होते. आम्ही त्याच्याशी बोलणे बंद केले. हजेरीत त्याचे नाव घ्यावयाचे, पण मान वर करावयाची नाही. चार रविवार हे चालले. नक्कल थांबली आणि आम्हांस आपल्या पद्धतीचा अभिमान वाटला. पाचव्या रविवारी तो आला नाही, सहाव्याही नाही. मग एके दिवशी त्याची आजी दारात येऊन उभी राहिली. "फादर, पोराचं नाव वहीतनं काढून टाकलंय काय? तो म्हणतोय, टाकलंय." आम्ही वही आणून दाखवली. नाव होते. आजीस वाचता येत नव्हते. तिने त्या ओळीवर बोट ठेवून घेतले आणि ती गेली. मुलगा त्यानंतर दोनदा आला, मागे बसला. पुढे ते कुटुंब कामासाठी गोव्याकडे गेले. त्याचे प्रथम कम्युनियन कोठे झाले, झाले की नाही, हे आम्हांस कळले नाही.

त्या मुलाचे चुकले नव्हते. आम्ही त्याचे नाव उच्चारीत होतो, पण ते काढून टाकलेले होतेच. निबंधात आणि आमच्या वर्गात फरक कोठे पडला, हे आम्हांस आता पुनर्वाचनानंतर कळते. डॉन बॉस्को वसतिगृहाविषयी लिहीत होते. तेथे मुले रात्रंदिवस राहत. त्यांना हवे तसे पळण्याची, उड्या मारण्याची, गोंगाट करण्याची मुभा होती. संगीत, नाटके, सहली होत्या. रोज रात्री झोपण्यापूर्वी मायेचे चार शब्द होते. एवढी माया साठलेली असेल तेथे एका संध्याकाळी ती थोडी आवरली तर मुलास जाणवते आणि दुसऱ्या सकाळी ती परत मिळणार हेही त्यास ठाऊक असते. आमचा वर्ग आठवड्यातून एक तासाचा. आमच्यापाशी आवरण्याइतकी माया जमलेलीच नव्हती. जे दिलेच नव्हते ते आम्ही काढून घेतले.

शिवाय मुले एकसारखी नसतात. ज्याच्या घरी बाप दारू पिऊन पडलेला आणि आई चार घरची भांडी घासून रात्री परतते, अशा मुलास अबोला ही शिक्षा म्हणून कळतच नाही. त्याच्या जगाचा तो नेहमीचाच रंग असतो. फक्त आता त्यात देवाच्या घरचीही भर पडली. धर्मशिक्षकाच्या बाबतीत हे अधिकच गंभीर आहे. गणिताचे मास्तर रुसले तर मुलास गणित आवडेनासे होईल. धर्मशिक्षक रुसला तर मूल देवाविषयी काहीतरी शिकते, आणि प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात देवाच्या प्रीतीविषयी काय छापले आहे ह्याचा मग काही उपयोग होत नाही.

ह्यावर डॉन बॉस्कोंच्या बाजूने असे म्हणता येईल की देवदेखील आपले मुख लपवतो. यशयाच्या चौपन्नाव्या अध्यायात क्षणभर मुख लपवल्याची भाषा आहे, स्तोत्रांत तर तो विलाप वारंवार येतो. हे मान्य केले पाहिजे. परंतु यशयाच्या त्या वचनात क्षण आणि सर्वकाळ ह्यांची तुलना आहे. लपवणे क्षणाचे, दया सर्वकाळची, आणि ते सांगितले जाते ते मुख पुन्हा वळल्यानंतर, सांत्वन म्हणून. चार रविवार हा नऊ वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात क्षण नव्हे. होशेयाच्या अकराव्या अध्यायात देव मुलाला चालावयास शिकवणारा बाप आहे. तो रागावतो, आणि त्या रागातच आपण ह्याला टाकू शकत नाही असे कळवळून म्हणतो. तेथे राग आहे, अबोला नाही. लूककृत शुभवर्तमानातील बाप थोरल्या मुलाचाही रुसवा दारात संपवू पाहतो, स्वतः बाहेर येऊन. रागावणे आणि तोडणे ह्या दोन गोष्टी आहेत, आणि आमचा असा कयास होत चालला आहे की नीट रागावता येत नाही म्हणूनच पुष्कळदा आपण तोडतो. "तू हे केलेस, ते वाईट झाले, पुढल्या रविवारी माझ्या शेजारी बसायचे," एवढे म्हणून मोकळे होणे अबोल्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे, जरी ते म्हणताना आवाज चढला तरी.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. शिक्षा किंवा कानउघाडणी चारचौघांत करू नये, एकांतात करावी, ही निबंधातील सूचना मुलाच्या अब्रूसाठी आहे आणि ती मोलाची आहे. पण आजच्या काळात एकांत म्हणजे बंद खोली असा अर्थ कोणीही घेऊ नये. ख्रिस्तसभेत बालकांवर जे अत्याचार झाले ते उघडकीस आल्यानंतर ह्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. इतरांच्या कानांआड, पण डोळ्यांसमोर. व्हरांड्यात, अंगणात, झाडाखाली. दुसरी गोष्ट सततच्या देखरेखीची. मुलास अपराध करणेच अशक्य व्हावे अशा स्थितीत ठेवावे, हा निबंधातील विचार रस्त्यावरच्या आणि तुरुंगाच्या वाटेवर असलेल्या तुरीनच्या मुलांसाठी समजण्यासारखा आहे. त्यांनी तेथील बाल-अपराध्यांचा तुरुंग जवळून पाहिला होता. पण ज्यास चुकण्याची जागाच नाही ते मूल निवड करावयास केव्हा शिकणार? २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' ह्या पत्राच्या सातव्या अध्यायात, परिच्छेद २६१ मध्ये, मूल आता कोठे आहे ह्याचा सतत माग घेणे म्हणजे शिक्षण नव्हे, ते मनाने कोठे आहे हा प्रश्न महत्त्वाचा, अशा आशयाचे विवेचन आहे. मोबाइल फोनवरून मुलांचा ठावठिकाणा पाहणाऱ्या पालकांशी बोलताना धर्मगुरूंनी ते अवश्य वाचावे. डॉन बॉस्कोंचा आराखडा ग्रंथ झाला असता तर त्यात ह्याचा विचार आला असता, असे मैदानात गोंगाटास दिलेली मुभा पाहता वाटते.

मास्तरांना आम्ही हे सारे सांगितले नाही. शिबिरानंतर महिनाभराने ते भेटले तेव्हा एवढेच म्हणालो की वर्गाच्या आधी अर्धा तास मुलांबरोबर अंगणात काढून पाहा. कोण चिडलेला आला आहे, कोण उपाशी आला आहे, हे आत जाण्याआधीच कळेल. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "फादर, त्या अर्ध्या तासात तुमची दुसरी मिस्सा असते. मी तिथं गायनाला असतो. मुलंही तिथंच असतात, आणि मिस्सा संपली की तुम्ही घंटा वाजवून लगेच वर्गात घालता."

हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. गेल्या महिन्यापासून दुसरी मिस्सा अर्धा तास अलीकडे घेतली आहे. दोन कुटुंबांनी तक्रार केली आहे, आणि स्वयंपाकघरातून तिसरी आली आहे. मास्तर लगोरीसाठी फरशीचे तुकडे घेऊन येतात. परवा मिस्सानंतर आम्हीही थोडा वेळ तेथे उभे राहिलो. मुलांना प्रथम वाटले की आम्ही काही विचारावयास आलो आहोत, आणि ती खेळ थांबवून ओळीने उभी राहिली.